जोरदार वॉर्म-अप केला की उडी घटते? बिघाड बहुतेक वेळा घड्याळात असतो

परळच्या ज्या मैदानावर मी संध्याकाळी व्हॉलीबॉलच्या पोरांना घेतो, तिथे दर सीझनला एक तक्रार नव्याने येते. "सर, आज पायच उचलत नाहीयेत." सरावात नेटच्या वर मनगट काढणारा पोरगा मॅचच्या पहिल्याच सेटमध्ये बॉल टेपवर आपटतो. विचारलं तर वर सांगतो, वॉर्म-अप तर नेहमीपेक्षा कडक केला होता. बैठका मारल्या, बाकावरून उड्या मारल्या, घाम निथळत होता. मग झालं काय?

मी स्वतः काही वर्षं यावर एकच उत्तर देत होतो: वॉर्म-अप हलका करा. त्याने उडी पडायची थांबली हे खरं, पण वाढलीही नाही. पुढे मोजायला लागलो तेव्हा कळलं की तोच कडक वॉर्म-अप उडी पाडतोही आणि वाढवतोही, आपण त्यानंतर कितव्या मिनिटाला उडी मारतो त्यावर ते ठरतं. खाली लिहिलंय ते व्हॉलीबॉलच्या हिशोबाने आहे. लांब उडी, उंच उडी, बास्केटबॉलवाल्यांनी आपापल्या वेळा त्यात बसवून घ्याव्यात.

आधी मोजा, मग वॉर्म-अपला हात लावा

"पाय जड वाटतात" हे मोजमाप नव्हे. मैदानावर जंप मॅट (उडी मोजणारी चटई) कुणाकडे नसते, पण स्लो-मोशन असलेला फोन प्रत्येकाच्या खिशात असतो. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून जमिनीलगत ठेवा, पावलं स्पष्ट दिसली पाहिजेत. सेटिंग सेकंदाला २४० फ्रेमचं. खेळाडूने दोन्ही हात कंबरेवर ठेवायचे, खाली जाऊन लगेच वर उडी मारायची, आणि ज्या जागेवरून उडाला तिथेच, पाय सरळ ठेवून, चवड्यांवर उतरायचं. हवेत गुडघे पोटाशी घेतले की पावलं उशिरा टेकतात आणि आकडा फुकटचा वाढतो. आमच्या लिबेरोने, म्हणजे फक्त मागे राहून बचाव करणाऱ्या खेळाडूने, या युक्तीने एकदा सगळ्या टीमला मागे टाकलं होतं.

चवडा जमिनीला चिकटलेला दिसतो ती शेवटची फ्रेम आणि पुन्हा टेकतो ती पहिली फ्रेम, यांच्यामधला आकडा घ्या. त्याचा वर्ग करून ४७० ने भागा, उडी सेंटीमीटरमध्ये मिळते. हे ४७० आकाशातून पडलेलं नाही. हवेतल्या सेकंदांचा वर्ग गुणिले ९.८१ भागिले ८ हे शाळेतलंच सूत्र आहे, ते २४० फ्रेमसाठी आधीच सोडवून ठेवलंय. फोन १२० फ्रेमचाच असेल तर ११७ ने भागा, पण मग एका फ्रेमची चूक म्हणजे एक सेंटीमीटर. २४० वर ती चूक अर्ध्या सेंटीमीटरची होते. दर वेळी तीन उड्या घ्या, सरासरी धरा, आणि एखाद्या सेंटीमीटरच्या फरकावरून कुणाला टीमबाहेर काढू नका. सकाळी साडेसहाच्या उडीची संध्याकाळच्या उडीशी तुलनाही नको. पहाटे शरीराचं तापमान कमी असतं आणि बहुतेकांची उडी तेव्हा थोडी कमीच भरते.

आमच्या मिडल ब्लॉकरचे, म्हणजे नेटच्या मधोमध ब्लॉकला उडणाऱ्या पोराचे, एका गुरुवारचे आकडे देतो. हळू धावणं आणि हातपाय मोकळे करणं एवढ्यावर १३४ फ्रेम, म्हणजे ३८.२ सेंटीमीटर. मग खांद्यावर बार घेऊन तीन जड स्क्वॉट्सचे दोन सेट. त्यानंतर एका मिनिटाने १२८ फ्रेम, ३४.९. पोराचं तोंड पडलं. चौथ्या मिनिटाला १३३, म्हणजे जवळपास मूळपदावर. आठव्या मिनिटाला १३६, ३९.४. मग त्याला मुद्दाम कठड्यावर बसवून ठेवलं, फोन बघू दिला. विसेक मिनिटांनी पुन्हा उभा केला तर १३२, ३७.१.

पोरगा तोच, दिवस तोच, स्क्वॉट्सही तेच. कुणी एकाच मिनिटाला मोजलं असतं तर म्हणाला असता "वजन मारलं की उडी जाते", कुणी आठव्याला मोजलं असतं तर म्हणाला असता "वजनच पाहिजे". व्यायामशाळेतल्या कट्ट्यावरचे निम्मे वाद असेच असतात.

मांडीच्या आत काय चाललेलं असतं

तीन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात आणि प्रत्येक जण आपल्या वेगाने संपतो.

पहिली म्हणजे उष्णता. स्नायूचं तापमान १ अंश सेल्सिअसने वाढलं की स्फोटक ताकदीत साधारण २ ते ५ टक्के वाढ मिळते. मध्यम धावण्याने ते पहिल्या तीन ते पाच मिनिटांत झपाट्याने चढतं आणि दहा ते वीस मिनिटांत स्थिरावतं. बसलात की उतरायला लागतं, आणि पंधरा-वीस मिनिटांत कमाईतला बराच भाग गेलेला असतो.

दुसरी गोष्ट जरा गमतीची आहे. स्नायू पूर्ण जोराने आकुंचन पावला की आत सुटलेल्या कॅल्शियममुळे एक विकर (एन्झाइम) जागं होतं आणि मायोसिन या प्रथिनाच्या एका छोट्या साखळीवर फॉस्फेट चिकटवतं. त्यामुळे मायोसिनची डोकी शेजारच्या दुसऱ्या प्रथिनाच्या, म्हणजे अ‍ॅक्टिनच्या जवळ सरकतात, आणि पुढच्या वेळी तेवढ्याच कॅल्शियममध्ये जास्त जोर निघतो. हे वेगवान तंतूंमध्ये जास्त घडतं, आणि उडी मारणाऱ्याला तेच तंतू हवे असतात. पण हा परिणाम टिकतो किती? त्याचं अर्धायुष्य अर्ध्या मिनिटाच्या आसपास. चार-पाच मिनिटांत खेळ खलास.

मग आठव्या मिनिटाला उडी वाढते ती कशाने? शास्त्रज्ञही इथेच अडखळले होते. बरीच वर्षं सगळं श्रेय त्या फॉस्फेटला दिलं जायचं. २०१७ नंतर या उशिरा दिसणाऱ्या वाढीला वेगळं नाव देऊन वेगळं मोजायला सुरुवात झाली. तिच्यामागे उष्णता, तंतूंमध्ये ओढलं गेलेलं पाणी आणि मज्जासंस्थेची वाढलेली चेतना असावी, असं आता मानतात. आपल्याला नावाशी काय करायचंय, मिनिटं महत्त्वाची.

तिसरी अर्थात थकवा. जोराच्या कामात लागणारं स्नायूतलं झटपट इंधन, क्रिएटिन फॉस्फेट, अर्ध्या मिनिटात निम्मं भरून येतं, तीन ते पाच मिनिटांत जवळपास पूर्ण. म्हणजे थकवा आधी उतरतो आणि फायदा मागे रेंगाळतो. या दोन्हींच्या मधली फट म्हणजे आपली वेळ. जड वजनानंतर ती बहुतेकांना सातव्या ते दहाव्या मिनिटाच्या आसपास सापडते. नुसत्या उड्यांनी अंग चेतवलं असेल तर थकवाच कमी साठतो, त्यामुळे ती बरीच आधी, पहिल्या चार मिनिटांतच येते. हा फरक न कळल्यामुळे होणारा घोळ मी सगळ्यात जास्त पाहिलाय: एखादा ट्रेनर रील बघून "आठ मिनिटं थांबा" म्हणतो आणि पोरांनी तर फक्त बाकावरून उड्या मारलेल्या असतात.

बिघाड पहिला: कडक भाग आणि पहिली उडी एकमेकांना चिकटलेली

लक्षण: पहिल्या दहा-बारा पॉइंट्सला उडी नाही, सेटच्या मध्यावर आपोआप येते. खेळाडू म्हणतो, "सर, मला सेट व्हायला वेळ लागतो." वेळ लागत नाही बाबा, तू आत्ता कुठे सावरतोयस.

मुंबईत याचं मूळ बऱ्याचदा लोकलमध्ये असतं. बदलापूरहून येणारा पोरगा तास-सव्वा तास उभा राहून येतो, गाडी कल्याणला रखडते, तो मैदानावर पोचतो तेव्हा पंच टॉसला बोलावत असतात. मग पंधरा मिनिटांचं सगळं चार मिनिटांत उरकायचं, तेही दुप्पट जोराने. नियमाप्रमाणे नेटवरचा दोन्ही संघांचा सामायिक वॉर्म-अप ६ मिनिटांचा, आणि आधी दुसरं मैदान मिळालं नसेल तर १० मिनिटांचा असतो. स्थानिक स्पर्धेत कार्यक्रम लांबला की त्यालाही कात्री लागते. त्या मिनिटांत पूर्ण ताकदीने वीस स्मॅश मारले की शिट्टीच्या वेळी पाय रिकामे.

उपाय: उशीर झाला तर कडक भाग पूर्ण गाळा, हलका भाग गाळू नका. माणसं नेमकं उलटं करतात. पाच मिनिटं धावणं, मग पाय-खांदे मोकळे करणं, मग तीन-चार उड्या हळूहळू जोर वाढवत, आणि नेटवर पाच-सहाच स्मॅश. ३८ सेंटीमीटरची उडी ३८ राहील. ४० ची हाव धरली तर ३५ पदरात पडतील.

बिघाड दुसरा: अंग तापलं, मॅच सुरूच होईना

आमच्याकडे हा पहिल्यापेक्षा जास्त होतो. पत्रिकेवर मॅच सहाची असते. साडेपाचला आपण जोरात तयार. आधीची मॅच पाचव्या सेटमध्ये गेलेली, मग पाहुण्यांचा सत्कार, मग माईकवरून आभार, मग नेट सैल झालं म्हणून कुणीतरी खांबाला दोरी बांधतंय. पोरं सिमेंटच्या पायऱ्यांवर बसून वडापाव खाणाऱ्यांकडे बघतायत. सातला शिट्टी वाजते तेव्हा मिनिटांचं सगळं गणित मोडलेलं असतं.

आम्ही आता घड्याळ बघून कडक भाग लावत नाही, आधीच्या मॅचचा स्कोअर बघून लावतो. शेवटच्या सेटमध्ये कोणीतरी १५ वर पोचलं की धावायला सुरुवात (आणि पाचवा सेट होणार असं दिसलं, तर त्यात कोणी ५ वर पोचलं की). कडक भाग मैदान रिकामं झाल्यावर. मध्ये सत्कार आलाच तर ट्रॅक पँट चढवायच्या, बसायचं नाही, दर तीन-चार मिनिटांनी जागच्या जागी चवड्यांवर दहा-बारा हलके टप्पे. तरीही वीस मिनिटं गेली तर हलका भाग पाच मिनिटं पुन्हा करायचा आणि शेवटी तीन पूर्ण ताकदीच्या उड्या. जड वजन दुसऱ्यांदा अजिबात नाही.

एसी हॉलमध्ये तर ही काळजी दुप्पट. बाहेर घामाघूम होऊन आत आलेला पोरगा ओल्या जर्सीवर थंड हवेत बसतो. एक सुका टी-शर्ट बॅगेत ठेवायला सांगा.

राखीव खेळाडूंचा प्रश्न याच जातीचा, फक्त दुर्लक्षित. ब्लॉकसाठी म्हणून एका पॉइंटला उतरवलेला उंच पोरगा तासभर बसलेला असतो, आणि त्याच्याकडून आपल्याला नेमकी एकच उडी हवी असते, तीही पूर्ण. मैदानाच्या बाहेर कोपऱ्यात सुमारे ३ बाय ३ मीटरचा वॉर्म-अपचा चौकोन यासाठीच आखलेला असतो, तिथे बॉलशिवाय हालचाल करायला मुभा आहे. बदली करायच्या दोनेक मिनिटं आधी त्याला नजरेने सांगायचं, त्याने चार उड्या मारून घ्यायच्या. वजन न वापरल्यामुळे दोन मिनिटं पुरतात.

बिघाड तिसरा: डोस

गिरणगावातल्या जुन्या व्यायामशाळांमध्ये वाढलेला माणूस शंभर बैठका मारल्याशिवाय अंग मोकळं झालं असं मानतच नाही. बैठकांबद्दल मला आदर आहे, माझ्या स्वतःच्या मांड्या त्यांनीच बनवल्या. पण शंभर बैठका हा व्यायाम झाला, त्याने वेगवान तंतू चेतत नाहीत, सगळेच दमतात. चेतवायला जोर जास्त आणि संख्या कमी लागते. जास्तीत जास्त एकदा उचलता येईल त्या वजनाच्या ६० ते ८५ टक्क्यांवर तीन ते पाच वेळा, दोन-तीन सेट, बस. पहिल्यांदा करणाऱ्याला एकच सेट. वजन नसेल तर गुडघ्याखालच्या उंचीच्या बाकावरून खाली उतरून ताबडतोब वर उसळायचं, पाच वेळा, मध्ये मिनिटभर थांबून पुन्हा पाच. पाय जमिनीला लागल्याचा आवाज मोठा व्हायला लागला की थांबवा. तो आवाज मला फ्रेम मोजण्याइतकाच भरवशाचा वाटतो.

हा सगळा प्रकार प्रत्येकाला लागू पडत नाही हेही सांगून टाकतो. जो स्वतःच्या वजनाच्या पावणेदोनपट स्क्वॉट मारतो त्याला फायदा जास्त आणि लवकर मिळतो. ७० किलोचा पोरगा असेल तर सव्वाशे किलोच्या घरात आलं. आमच्याकडे असे दोनच आहेत. बाकीच्यांना जास्त थांबावं लागतं आणि फायदा कमी मिळतो, काहींना अजिबात नाही. ज्याचा आकडा तीन वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वर जात नाही, त्याच्यासाठी मॅचच्या दिवशीची वजनं सोडून द्या. त्याने ती ताकद सीझनच्या बाहेर कमवावी. सोळा वर्षांखालच्या मुलांना, आणि गुडघ्याच्या वाटीखाली दुखणाऱ्यांना, मी मॅचआधी वजन किंवा बाकावरच्या उड्या देतच नाही.

घाम म्हणजे वॉर्म-अप नव्हे

मे महिन्यात घाम दादरच्या पुलावरही फुटतो. हवेत इतका दमटपणा असतो की तो वाळत नाही, कपाळावरून नुसता गळत राहतो, आणि पोरगा समजतो झालं, अंग तापलं. त्वचा ओली झाली आहे, मांडीच्या आतला स्नायू अजून स्टेशनवरून चालत आलाय तेवढाच गरम आहे. याच्या उलट चूक म्हणजे त्याच हवेत पंचवीस मिनिटं दणादण वॉर्म-अप. एका उडीपुरती उष्णता फायद्याची, पण घाम वाळत नसताना शरीराचं आतलं तापमान चढतच जातं आणि तिसऱ्या सेटला त्याची किंमत मोजावी लागते. मार्च ते जून मी धावण्याचा भाग निम्म्यावर आणतो, कडक भाग तसाच ठेवतो, आणि तो सावलीत करून घेतो.

स्ट्रेचिंगबद्दल थोडक्यात. एकच स्नायू मिनिटभराहून जास्त वेळ ताणून धरला की त्यानंतरच्या उडीची ताकद थोडी घटते. अर्ध्या मिनिटाच्या आत सोडला आणि नंतर हालचालींचे व्यायाम केले तर फरक नगण्य. म्हणून लांबलचक ताण मॅचनंतर, घरी जाण्याआधी.

आमचा सध्याचा क्रम

शिट्टीला साधारण पंचवीस मिनिटं असताना हळू धावणं आणि बाजूच्या धावा, सहा-सात मिनिटं. मग लंजेस, पाय झुलवणं, घोटे आणि खांदे, पाचेक मिनिटं. मग ज्यांना लागू पडतं त्यांचा कडक भाग. बार मैदानावर आणता येत नाही, म्हणून ते जिममधून उचललेले दोन डंबेल हातात घेऊन जंप स्क्वॉट मारतात, चार-चारचे दोन सेट. बाकीचे नुसत्या उड्या. पाणी, जर्सी नीट करणं, कॅप्टनचा टॉस यात दोन-तीन मिनिटं जातात, ती मी मुद्दाम जाऊ देतो. मग नेटवर प्रत्येकी सहा-सात स्मॅश, पहिले तीन निम्म्या जोराने. शेवटचा पूर्ण स्मॅश आणि पहिली सर्व्हिस यांच्यात दोन मिनिटं तरी मोकळी. रांगेत कुणी "सर, एक लास्ट" म्हणालाच तर बॉल मीच उचलून घेतो.

एवढं सगळं जागेवर असूनही उडी पडलेलीच असेल, तर वॉर्म-अप सोडा आणि मागच्या दोन-तीन दिवसांत त्या पायांनी काय केलं ते विचारा. गेल्या ऑगस्टमध्ये आमचा तोच मिडल ब्लॉकर सलग दोन आठवडे १२८-१२९ फ्रेमच्या वर जाईना. विश्रांती वाढवली, वजन कमी केलं, सगळे उपाय झाले, आकडा हलेना. शेवटी आमचा सेटर हळूच म्हणाला, "सर, तो रोज रात्री बारापर्यंत गोविंदाच्या सरावाला असतो. खालच्या थरात." त्याला बोलावून विचारलं तर खाली बघून हसला आणि खांद्यावरचे वळ दाखवले. दहीहंडी होईपर्यंत मी त्याचं मोजणंच बंद ठेवलं. पुढच्या आठवड्यात, काहीही न बदलता, १३५.